पत्ता नसलेला रुग्ण

स्किझोफ्रेनियावरच्या अनेक गोळ्या रात्री घ्यायला सांगतात, कारण त्यांनी गुंगी येते. घरात झोपणाऱ्या रुग्णाला ही गुंगी एका परीने वरदानच असते. किती तरी दिवसांनी सलग झोप लागते. फुटपाथवर मात्र गाढ झोप परवडत नाही. डोक्याखालचं गाठोडं जातं, चपला जातात, कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी जाते. बाई असेल तर आणखी काय होऊ शकतं, ते सांगायला नको. पावसाची सर आली, पालिकेची गाडी आली, हवालदाराने काठी आपटली, की पथारी गुंडाळून चालू पडावं लागतं. गुंगीतल्या माणसाला ते जमत नाही. म्हणून तो गोळी टाळतो, आणि ओपीडीच्या केसपेपरवर नोंद होते, ‘औषधे नियमित घेत नाही’.

बेघरपणा आणि मनोविकार यांच्या नात्यावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर ढीगभर संशोधन झालं. त्यातल्या बऱ्याच वादांचं मूळ या केसपेपरवरच्या शेऱ्यात आहे. डॉक्टरांना दिसतो तो आजार, समाजसेवकांना दिसतो तो रस्ता. आधी कशाला हात घालायचा यावर दोघांचं जमत नाही.

आकड्यांपासून सुरुवात करू. 2021 साली संशोधकांच्या एका गटाने 11 श्रीमंत देशांतल्या 39 अभ्यासांची, म्हणजे एकूण 8,049 बेघर माणसांची माहिती एकत्र केली. चौघांतल्या तिघांना त्या घडीला कोणता ना कोणता मानसिक आजार होता. हा आकडा ऐकून डोळ्यांसमोर येतो तो सिग्नलपाशी स्वतःशी बडबडणारा, केसांच्या जटा झालेला माणूस. पण स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या जातकुळीतले आजार एकूणात साधारण 12 टक्क्यांना होते. नैराश्य जवळपास तेवढंच. सगळ्यांत मोठा वाटा दारूच्या व्यसनाचा, 37 टक्क्यांच्या घरात. म्हणजे जे आपल्याला लांबून ‘वेडे’ वाटतात ते थोडे; बाकीचे गप्प बसलेले, पिऊन पडलेले, किंवा दिवसभर मजुरी करून रात्री पुलाखाली येणारे. हे आकडे बाहेरचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत. आपल्या फुटपाथवर अख्खी कुटुंबं तीन-तीन पिढ्या राहतात. त्यांच्यात शेजार असतो, भिशी असते, लग्नं होतात. त्यांची अडचण जागेची आहे. एकट्या, भरकटलेल्या मनोरुग्णाची अडचण जागेची आहेच, शिवाय माणसांचीही आहे.

कोण कोणाचं कारण, हा वाद आता जुना झाला. आजाराने नोकरी जाते, नोकरीमागोमाग घरच्यांचा धीर सुटतो आणि माणूस रस्त्यावर येतो, हे खरं. रस्त्यावरचं जागरण, मार, उपासमार आणि सततचा धसका यांनी धडधाकट माणसाचं डोकंही फिरतं, हेही खरं. दोन्ही वाटा एकमेकींत मिसळतात आणि काही महिन्यांनी कोणत्या वाटेने आलो हे त्या माणसालाही सांगता येत नाही. उपचार करणाऱ्याला याचा फारसा फरकही पडत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच की हातात काय द्यायचं, गोळी की किल्ली?

या प्रश्नाचा धडा अमेरिका उलट बाजूने शिकली. 1955 साली तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. नवी औषधं आली, कोंडवाड्यांविरुद्ध जनमत झालं, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत ही रुग्णालयं रिकामी होत गेली. 1963 मध्ये केनेडींनी वस्तीपातळीवरच्या मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा केला खरा. पण ठरली होती तेवढी केंद्रं कधी उभी राहिली नाहीत, आणि स्वस्तातल्या भाड्याच्या खोल्याही पुढे शहरांतून नाहीशा झाल्या. बाहेर आलेल्यांपैकी पुष्कळ जण फुटपाथवर, निवाऱ्यांत आणि तुरुंगांत पोचले. मग जी व्यवस्था उभी राहिली ती पायऱ्यांची होती. आधी निवारा, मग दारू सोडल्याचा पुरावा, मग औषधं नियमित घेतल्याचा पुरावा, मग सामायिक खोली आणि सगळ्यांत शेवटी, लायक ठरलात तर, स्वतःचं घर. एका पायरीवर पाय घसरला की पुन्हा तळाशी. ज्यांना घराची सर्वांत जास्त गरज, तेच या शिडीवरून आधी पडत.

1992 साली न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने ही शिडी उलटी केली. त्याच्या ‘पाथवेज टू हाउसिंग’ या संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्णांना थेट साध्या भाड्याच्या घरांत नेलं. दारू सोड, गोळ्या घे, अशी अट नाही. डॉक्टर, नर्स, समाजसेवक यांची तुकडी हाकेच्या अंतरावर असेल; उपचार घ्यायचे की नाही हे राहणाऱ्याने ठरवायचं. लोकांनी वेड्यात काढलं. पण 2004 मध्ये या कामाचे निष्कर्ष छापून आले तेव्हा दिसलं की साधारण 80 टक्के माणसं घरात टिकली होती. शिडीवाल्या व्यवस्थेत एवढी माणसं टिकत नव्हती. ‘हाउसिंग फर्स्ट’, म्हणजे आधी घर, हे नाव तिथून जगभर गेलं.

या कल्पनेची सर्वांत कडक परीक्षा कॅनडाने घेतली. 2009 ते 2013 या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरांटो, माँट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागलं. एका गटाला घर आणि सोबत मदतनीसांची तुकडी. दुसऱ्याला शहरात एरवी ज्या सेवा मिळतात त्या. घर मिळालेल्यांसाठी अटी दोनच. उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 30 टक्के भाड्यापोटी द्यायचे आणि आठवड्यातून एकदा मदतनिसाला भेटायचं. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले 62 टक्के सगळा काळ घरात होते, दुसऱ्यातले 31 टक्के. एकही दिवस घरात न काढलेले पहिल्या गटात 16 टक्के, तर दुसऱ्यात 46 टक्के. खर्चाचा हिशेबही मांडला गेला. ज्यांचा आजार सर्वांत तीव्र होता त्यांच्यावर खर्च केलेल्या दर 10 डॉलरमागे रुग्णालय, पोलीस, निवारे यांच्यावरचे सरासरी 9.60 डॉलर वाचले. मध्यम गरजेच्या लोकांत मात्र फक्त 3.42. समर्थकांच्या भाषणांत पहिला आकडा हमखास येतो, दुसरा सहसा येत नाही.

इथवर सगळं ठीक. पण आजाराचं काय झालं? भास, संशय, उदासी, व्यसन?

दोन्ही गटांत सुधारणा झाली, आणि जवळपास सारखीच. घर मिळालेल्यांच्या जगण्याचा दर्जा थोडा जास्त वाढला, वावर थोडा सुधारला; पण आजाराची लक्षणं मोजणाऱ्या पट्ट्यांवर दोन गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. न्यूयॉर्कच्या आकड्यांतही तो नव्हता. फ्रान्सने 2011 पासून मार्सेय, लील, तुलूझ आणि पॅरिस इथे 703 माणसांवर असाच प्रयोग केला. तिथे घर मिळालेल्यांचे रुग्णालयातले दिवस लक्षणीय घटले, पण लक्षणांचं गणित तेच राहिलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने सगळा पुरावा चाळून अहवाल दिला, की कायमस्वरूपी, मदतनिसांसह मिळणाऱ्या आधारघरांमुळे बेघरपणा नक्की कमी होतो, पण प्रकृती सुधारते असं म्हणण्याइतका भरीव पुरावा नाही. अपवाद एचआयव्हीबाधितांचा.

हे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी वापरले जातात. ‘आधी घर’वाले त्यांच्याकडे डोळेझाक करतात आणि आधी अटी पाळा म्हणणारे ते झेंड्यासारखे मिरवतात. जुलै 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी ‘आधी घर’ धोरणाचा पाठिंबा काढून घेत सक्तीच्या उपचारांकडे वळण्याचा आदेश काढला, त्यामागे हाच युक्तिवाद होता.

मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याची कारणं पुराव्यातच आहेत. एक तर तुलनेतला गट उघड्यावर सोडलेला नव्हता. कॅनडातल्या मोठ्या शहरांत सार्वजनिक रुग्णालयं आहेत, निवारे आहेत, बेकारभत्ता आहे. त्या गटातल्याही निम्म्याहून अधिक माणसांना काही ना काही काळ घर मिळालंच. दुसरं असं, की लोक अशा प्रयोगात येतात ते सगळ्यांत वाईट दिवसांत. तिथून पुढे बहुतेकांचं थोडंफार बरं होतंच, घर मिळो न मिळो. आणि तिसरं म्हणजे स्किझोफ्रेनिया हा घरात राहिल्याने जाणारा आजार नाही, घरात राहून सांभाळायचा आजार आहे. मधुमेही माणसाला घर दिलं म्हणून त्याची साखर उतरली नाही, तर घराला कुणी नापास करत नाही. कानातले आवाज तेच राहिले, पण ते ऐकू येत असताना दाराला आतून कडी लावता येते. या फरकासाठी मोजपट्टीवर रकाना नसतो. घराकडून औषधाचं काम मागायचं आणि ते न झाल्यावर घरच काढून घ्यायचं, हा न्याय अजब आहे.

तरी ‘आधी घर’वाल्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यायला हवं, ते म्हणजे एकटेपण. बॉस्टनमध्ये 1990 च्या दशकात 118 बेघर मनोरुग्णांवर झालेला प्रयोग मला या सगळ्या साहित्यात सर्वांत बोलका वाटतो. काहींना स्वतंत्र खोल्या मिळाल्या, काहींना सामायिक गटघरं. राहणाऱ्यांना आधी विचारलं तर बहुतेकांना स्वतंत्र खोली हवी होती. डॉक्टरांचा सल्ला मात्र बहुतेकांसाठी गटघराचा. पुढे मेंदूच्या चाचण्या घेतल्या तेव्हा बेत आखणं, चूक झाल्यावर मार्ग बदलणं अशा क्षमता गटघरांत राहणाऱ्यांत सुधारलेल्या दिसल्या. एकट्याने राहणाऱ्यांच्या वाट्याला ती सुधारणा आली नाही. आज स्वयंपाक कुणी करायचा, दूध कुणी आणायचं, टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, यांवरून रोज वाद घालावे लागतात. डोकं चालतं ठेवायला बहुधा तेच उपयोगी पडतं. माणसाला काय हवं आहे आणि काय मानवतं, यांत फरक पडू शकतो, हे मान्य करणं ‘आधी घर’वाल्यांना जड जातं, कारण त्यांचा सगळा भर निवडीच्या हक्कावर आहे. मला वाटतं, निवड हवीच; पण निवडायला दोन्ही प्रकारची घरं समोर असली पाहिजेत.

फिनलंडचं उदाहरण सगळे देतात, म्हणून थोडक्यात. तिथे 2008 पासून राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून निवाऱ्यांची घरं केली गेली. हेलसिंकीतल्या साल्व्हेशन आर्मीच्या 250 खाटांच्या निवाऱ्याचं रूपांतर 81 स्वतंत्र सदनिकांत झालं. देशातल्या बेघरांची संख्या 2022 अखेर चार हजारांच्या आत आली, आणि अलीकडे सवलती कापल्यावर पुन्हा थोडी वाढली. पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या, सरकारी भाडेघरांचा मोठा साठा असलेल्या देशाचं हे काम आहे. आपल्याला त्यातून घेण्यासारखं एकच. निवारा हे मुक्कामाचं ठिकाण नाही, हे तिथल्या सरकारने कागदावर मान्य केलं.

आपल्याकडे अजून निवाराच पुरा नाही. 28 फेब्रुवारी 2011 च्या रात्री जनगणनेचे प्रगणक फुटपाथ, फलाट, पूल, देवळांची आवारं आणि ह्यूम पाइप धुंडाळत फिरले. त्यांना देशात 17 लाख 73 हजार बेघर सापडले. महाराष्ट्रात 2 लाख 11 हजारांच्या आसपास. उत्तर प्रदेशाखालोखाल आपला नंबर. एका रात्रीच्या शिरगणतीत किती जण निसटले असतील, याचा अंदाज रात्री शेवटची लोकल पकडणाऱ्या कुणालाही येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरी उपजीविका अभियानात नियम झाला, की दर लाख लोकवस्तीमागे किमान 100 जणांचा कायमचा निवारा हवा आणि दर माणशी 50 चौरस फूट. मुंबईसारख्या शहरासाठी याचा गुणाकार केला की महापालिका त्यापासून किती लांब आहे ते कळतं. आणि जे निवारे आहेत तिथेही भास होणाऱ्या, रात्री ओरडणाऱ्या माणसाला ठेवून घ्यायला चालक कचरतात. त्यांचंही चुकत नाही. रात्रपाळीला एक काळजीवाहक आणि पन्नास माणसं, त्यात डॉक्टर कुठून आणायचा?

कायदा मात्र चांगला आहे, जवळजवळ फिनलंडच्या तोडीचा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं 19 वं कलम सांगतं, की केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, माणूस बेघर आहे किंवा वस्तीत सोयी नाहीत, एवढ्या कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. अशांसाठी आधारघरं, गटघरं उभी करणं हे सरकारचं काम. कलम 100 प्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या, आजारी वाटणाऱ्या माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं ही पोलिसांची जबाबदारी. प्रत्यक्षात देशातल्या 43 सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. 36 टक्के रुग्ण वर्षाहून अधिक काळ तिथेच होते. पुष्कळांच्या आजाराने केव्हाच माघार घेतली होती, पण त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. बऱ्या झालेल्यांचं करायचं काय, या पेचावर महाराष्ट्राने जो तोडगा काढला तो न्यायालयापर्यंत गेला. त्यांना भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवायचं. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कायद्याच्या हेतूविरुद्ध असल्याचं सांगून ताबडतोब थांबवायला लावलं. खंडपीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. याआधी 1985 मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात फुटपाथवासीयांच्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क आहे असा निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड हे त्यांचे वडील. त्या निकालानेही झोपड्या वाचल्या नाहीत. नोटीस द्या आणि पावसाळा सरू द्या, एवढंच पदरात पडलं. भिक्षेकरीगृहाचं म्हणाल तर 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. त्याखाली मनोरुग्ण पकडला गेला तर त्याला छप्पर मिळतं, पण ते शिक्षेचं.

मग या माणसांना जायला घर कोणतं? आपल्याकडचं रूढ उत्तर आहे, कुटुंब. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेने 1988 पासून हेच केलं. रस्त्यावरचा मनोरुग्ण उचलायचा, कर्जतच्या केंद्रात औषधं सुरू करायची, काही आठवड्यांत तो गावाचं नाव सांगू लागला की बिहारपासून आसामपर्यंत जिथे असेल तिथे नेऊन पोचवायचं. या कामासाठी डॉ. वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेला समजून दिवस घातलेला मुलगा दारात उभा राहतो, त्या क्षणाचं मोल कुठल्याही मोजपट्टीच्या बाहेरचं आहे. पण सगळ्यांनाच असं दार नसतं. बायकांच्या बाबतीत तर सासरी दुसरं लग्न झालेलं असतं, माहेरी भावजय ‘किती दिवस’ म्हणून विचारते. जिथून मार खाऊन ती निघाली होती तिथेच तिला पोचवणं म्हणजे पुनर्वसन, असं मला म्हणवत नाही.

चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेला हे आधी कळलं, कारण 1993 मध्ये वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी ती सुरू केली ती रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठीच. वर्षानुवर्षं केंद्रात राहणाऱ्या, घरी जाऊ न शकणाऱ्या बायकांची संख्या वाढत गेली आणि 2015 मध्ये त्यांनी ‘होम अगेन’ सुरू केलं. साध्या वस्तीत साधं भाड्याचं घर, चार-पाच जणी, आणि सोबत राहणारी एक मदतनीस, बहुधा आसपासच्याच गावातली बाई. बॉस्टनच्या गटघराची ही देशी आवृत्ती म्हणता येईल. घराला फलक नाही, गणवेश नाही. बाजारात कोणती भाजी आणायची हे राहणाऱ्या ठरवतात. संस्थेत राहिलेल्या आणि अशा घरांत गेलेल्या गटांची दीड वर्ष तुलना केली तेव्हा घरांतल्या बायकांचं वस्तीत मिसळणं स्पष्टपणे वाढलेलं दिसलं. अभ्यास लहान होता, गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते, हे लक्षात ठेवायला हवं. पुढे हे काम केरळात आणि आपल्या रत्नागिरीतही आलं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 चं. तिथून बाहेर पडण्याची वाट आता कुठे तयार होते आहे.

कोलकात्यात ‘ईश्वर संकल्प’ने वेगळी वाट धरली. रस्त्यावरच्या माणसाला आहे तिथेच औषध द्यायचं, आणि ते रोज हातावर ठेवायचं काम कोपऱ्यावरच्या चहावाल्याने करायचं. तो त्याला रोज पाहतो, उरलेला पाव देतो, नावाने हाक मारतो. घर नसताना निदान पत्त्याचं काम तो ठेला करतो. हा घराला पर्याय नाही, पण घर मिळेपर्यंतची वर्षं वाया जाऊ नयेत म्हणून कुठल्याही महापालिकेला उद्यापासून करता येण्यासारखं आहे.

आणि घर म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, हे मुंबईएवढं दुसऱ्या कुणाला ठाऊक नसावं. प्रकल्पग्रस्तांना नेऊन बसवलेल्या मानखुर्द-गोवंडीच्या इमारतींची ‘डॉक्टर्स फॉर यू’ने 2018 मध्ये पाहणी केली. दोन इमारतींत जेमतेम अंतर, खालच्या मजल्यांना ऊन नाही, वारा नाही, आणि तिथे क्षयरोग फोफावलेला. कामाचं ठिकाण दोन गाड्या बदलून गाठायचं, ओळखीचे शेजारी भलत्याच विंगमध्ये. क्षयरोग एक्स-रेत दिसतो. अशा इमारतीत मनाचं काय होतं, याची मोजदाद जवळपास झालेलीच नाही. मनोरुग्णांसाठी घरं बांधायची म्हणून असल्याच इमारतींतला एखादा मजला राखून ठेवण्याची कल्पना कुणाच्या तरी टेबलावर येईलच. ती तिथेच थांबवलेली बरी.

भाड्याचं घर हाच सोपा मार्ग, पण तिथेही खाचखळगे आहेत. आपल्याकडे भाडेकरार म्हणजे 11 महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’, वर अनामत, पोलिसांकडे नोंदणी, सोसायटीचा होकार. एकट्या पोरांना घर द्यायला कुरकुरणाऱ्या सोसायट्या येरवड्याहून आलेल्या चार बायकांना देतील, तर संस्थेच्या नावावर आणि दुप्पट अनामतीवर. सरकारी घरकुल योजनांत लाभार्थी म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं. एकटा, कागदपत्रं हरवलेला माणूस त्या चौकटीत बसवायला कारकुनाची मर्जी लागते. शिवाय हा माणूस नक्की कुणाचा, यावर खात्यांचं एकमत नाही. मनोरुग्णालयात असेपर्यंत तो सार्वजनिक आरोग्य विभागाचा, निवाऱ्यात गेला की नगरविकासाचा, भिक्षेकरीगृहात महिला व बालविकासाचा आणि प्रमाणपत्र मिळालं तर दिव्यांग कल्याणचा. एका खोलीचं भाडं आणि एका मदतनिसाचा पगार या चौघांपैकी कुणाच्या अंदाजपत्रकात बसवायचा, हे आधी ठरलं पाहिजे. आणि करार किमान तीन वर्षांचा असला पाहिजे, नाही तर बाराव्या महिन्यात तीच बाई, तेच गाठोडं घेऊन, पुन्हा त्याच ओपीडीच्या रांगेत दिसेल.